शेजारची सीट

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटी घरात आल्यावर, आणि ते काही औषधानं थांबणारं दुखणं नव्हतं. कुणी विचारलं तर कबूल करणाऱ्यातली ती नव्हती. "मला कशाला काय वाटतंय? मला इथे मान वर करायला वेळ नाही," असं म्हणायची आणि मान वर करून धाकटी काय करतेय ते बघायची.

थोरली आणि धाकटी या जावा. त्यांच्या सासऱ्यांचं गॅरेज होतं, घराला लागूनच, एकामागे एक अशा तीन खोल्यांचं. रस्त्याकडच्या खोलीत थोरलीचा नवरा पत्रा ठोकायचा आणि रंग मारायचा. मधल्या खोलीत इंजिन आणि गिअरबॉक्स, तिथे सासऱ्यांचं राज्य. आणि मागच्या, सगळ्यांत उजेडाच्या खोलीत लांबलचक टेबल, शिलाईचं मशीन, जाड कॅनव्हासच्या गुंडाळ्या, चामड्याचे तुकडे आणि थोरली. त्यांच्याकडे यायच्या त्या फक्त जुन्या उघड्या गाड्या. टप मागे दुमडून ठेवला की डोक्यावर आभाळ, आणि गिअर हातानं टाकायचा. यातल्या बऱ्याच मुळातच मोजक्या बनलेल्या, बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेले, सुटे भाग बाजारात मागायला गेलं तर दुकानदार हसायचा. कुणाच्या तरी गोदामात, पेंढ्याखाली, कोंबड्यांनी सीटवर अंडी घातलेल्या अवस्थेत त्या सापडायच्या आणि वर्ष-दीड वर्षानं नटूनथटून बाहेर पडायच्या. आपोआप गिअर बदलणारी गाडी कितीही जुनी असली तरी सासरे दारात उभी करून घेत नसत. "जिला कायमचं छप्पर आहे आणि जिच्यात माणसाच्या हाताला काम नाही, ती गाडी नव्हे," ते म्हणायचे, "ते चाकं लावलेलं कपाट."

थोरलीचे वडील तंबू शिवायचे. कापड ताणून कसं बसवायचं, शिवण कुठल्या बाजूला वळवली की पाणी आत येत नाही, हे तिनं बाहुल्या खेळायच्या वयात शिकून घेतलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा गाड्यांचे टप बाहेरून शिवून यायचे. एके दिवशी जेवताना ती सहज बोलून गेली, "त्या हिरव्या गाडीची शिवण उलटी घेतलीय. गळणार ती." सासऱ्यांनी ताटातून मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी एक फाटका टप तिच्या दारात येऊन पडला, आणि त्यामागून सासऱ्यांचा एकच शब्द आला, "बघू." त्या एका शब्दावर थोरलीनं उभं आयुष्य काढलं. तिनं शिवलेला टप लावून वर टिचकी मारली की नगाऱ्यासारखा वाजायचा. गाड्यांचे मालक आधी त्यावरून हात फिरवायचे आणि मग गाडीकडे बघायचे.

सासऱ्यांच्या तोंडून शाबासकी म्हणून कधी बाहेर पडली नाही. शाबासकी त्यांनी एका रिवाजात गुंडाळून ठेवली होती. गाडी तयार झाली की मालकाच्या हातात द्यायच्या आधी तिचा पहिला फेरा निघायचा. टप खाली, थंडी असो की धूळ. सासरे चालवायचे, आणि शेजारी कोण बसणार ते शेवटच्या क्षणापर्यंत सांगायचे नाहीत. सगळे हात पुसत फाटकाशी उभे राहायचे. सासरे एकेकाकडे बघायचे आणि हनुवटीनं खूण करायचे. ज्याचं काम त्या गाडीत सगळ्यांत चोख, तो शेजारच्या सीटवर. फाटकापासून पाण्याच्या टाकीच्या चढावर, वरून वळसा, आणि उतारानं परत. एवढ्यासाठी थोरलीच्या नवऱ्यानं एकदा एका गाडीचं बॉनेट खरवडून पुन्हा पहिल्यापासून रंगवलं होतं. तरी ती हनुवटी वर्षानुवर्षं थोरलीकडेच वळत राहिली. ती डोक्याला रुमाल बांधून ताठ बसायची आणि समोरच्या बेकरीवालीला मुद्दाम हात करायची.

मग धाकटी आली. धाकटा दीर जहाजावर नोकरीला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यानं लग्न करून आणली ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारी मुलगी. शिकाऊ माणसं गिअरवर काय काय अत्याचार करतात ते तिनं जवळून ऐकलं होतं. घरात नवी नवी असताना ती चहा घेऊन मधल्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मामंजी, ही दुसऱ्यात दात खातेय." सासऱ्यांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "ये. इथे हात लाव."

थोरलीनं हे मागच्या खोलीतून ऐकलं. मला 'बघू' आणि हिला 'ये'! हे ती कधी विसरली नाही.

वर्ष-दोन वर्षांत धाकटी गिअरबॉक्स उघडायला शिकली, जोडायला शिकली, आणि सासरे नुसते स्टुलावर बसून बघायला लागले. बरं, गिअरबॉक्स दिसतो कुणाला? टप दिसतो, रंग दिसतो, सीटवरचं चामडं दिसतं. गिअरबॉक्स म्हणजे तेलात बुडवून झाकण लावलेला डबा. तरी एका गाडीच्या वेळी सासऱ्यांची हनुवटी धाकटीकडे वळली. थोरलीनं सवयीनं अर्धं पाऊल आधीच पुढे टाकलं होतं. ते मागे कसं घ्यायचं ते न सुचून ती खाली वाकली आणि जमिनीवर नसलेली टाचणी उचलायला लागली. फाटक बंद होईपर्यंत ती टाचणी शोधत होती. पुढच्या गाडीला तेच, त्याच्या पुढच्या गाडीलाही तेच.

तिथून धाकटीचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. तिच्या हातांवर तेलाचा डाग कसा राहत नाही. ती सासऱ्यांशी इतकं काय हसून बोलते. ती काम करताना गुणगुणते काय म्हणून. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती वागायला चांगली होती, त्यामुळे भांडायलाही काही सापडत नव्हतं. एकदा म्हणाली, "ताई, तुम्हाला गाडी चालवायला शिकवू का?" थोरलीनं फार पूर्वी एकदा प्रयत्न केला होता आणि त्यात फाटकाचा खांब गेला होता. "मला शिकवणार कोण, तर ही!" ती रात्री नवऱ्याला म्हणाली. नवरा रंगाचे हात धूत होता. तो म्हणाला, "चांगलं शिकवेल की." त्या रात्री त्याला दुसऱ्यांदा वाढायला कुणी विचारलं नाही.

धाकटी गाडी तपासायला बाहेर काढायची तेव्हा थोरली कान टवकारून बसायची. पहिला, दुसरा, तिसरा. कधीतरी चुकेल, कधीतरी कर्रर्र होईल. खरं सांगायचं तर तिला धाकटीचं वाईट व्हायला नको होतं. फक्त एक कर्रर्र हवा होता.

अशात ती दोन सीटची गाडी आली. अंगानं सडपातळ, नाक लांब, आणि तसल्या जगात बोटांवर मोजता येतील इतक्याच उरलेल्या. मालक दातांचे डॉक्टर होते. धाकटीनं गिअरबॉक्स उघडून एकेका चक्राचे दात दिव्याखाली तपासले तेव्हा ते म्हणाले, "कीड नाही ना?" धाकटी म्हणाली, "दोन काढावे लागतील." सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. थोरलीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गाडी अर्धी झाली असताना सासरे जेवताना म्हणाले, "ही माझी शेवटची. गुडघा आता क्लच दाबू देत नाही. या गाडीचा फेरा धाकटी काढेल. मी शेजारी बसेन. आणि यापुढे फेरा तिचाच."

नवऱ्यानं भाजी वाढून घेतली. थोरलीनं मात्र हातातला घास ताटात ठेवला. फेरा धाकटीचा म्हणजे हनुवटीही धाकटीची. यापुढे गाडी तयार झाली की आपण हात पुसत फाटकाशी उभं राहायचं, आणि ही, परवा घरात आलेली, एकेकाकडे बघून ठरवणार की कुणाचं काम चोख! आपण नजर वर करून वाट बघायची! आणि या गाडीला तर सीटाच दोन. ही शेवटची संधी, तीही सासऱ्यांच्या बुडाखाली.

त्या क्षणी तिनं ठरवलं, की या गाडीचा टप असा शिवायचा की म्हाताऱ्यानं स्वतः उठून आपली सीट द्यावी. आणि धाकटीच्या गिअरबॉक्सच्या आधी शिवायचा.

आता या 'आधी'मध्येच सगळी गोम होती. टप कायम शेवटी बसवायचा असतो, आणि हे थोरलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. या गाड्यांना छप्पर नसतं, त्यामुळे सगळा भार तळ सोसतो. गाडीचं रिकामं अंग लाकडी घोड्यांवर ठेवलेलं असतं तेव्हा ते ताठ असतं. इंजिन, गिअरबॉक्स बसून गाडी चाकांवर उतरली की ते मधे किंचित बसतं आणि पुढची काच बोटभर मागे झुकते. त्या बोटभराचा हिशोब कुठल्याही मापाच्या पट्टीवर नसतो, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. म्हणून गाडी सगळ्या वजनानिशी चाकांवर उभी राहिल्याशिवाय टपाच्या कापडाला कात्री लावायची नाही. हे वाक्य थोरलीनं स्वतः किती जणांना ऐकवलं होतं.

पण डोळ्यांवर मत्सराची पट्टी बांधली की माणूस स्वतःचंच बोलणं विसरतो. धाकटीचा गिअरबॉक्स अजून टेबलावर होता. थोरलीनं अंदाजानं वाळूची पोती इंजिनाच्या जागी ठेवली, आणखी एक मधे ठेवलं, लाकडी कमानी उभ्या केल्या आणि कापड कापलं. कापडही असं, की विणणाऱ्या कंपनीकडे त्या रंगाची ती शेवटची गुंडाळी होती. आणि काय शिवला तिनं तो टप! कडेला पाइपिनची नाजूक किनार, मागच्या खिडकीभोवती दुहेरी शिवण, कोपरे असे वळवलेले की शिवण सुरू कुठे झाली ते कळू नये. काचेच्या चौकटीवरचे पुढचे दोन खटके लावले, वर टिचकी मारली, आणि सगळ्यांना हाक मारली.

"एवढ्यात झाला?" सासरे म्हणाले. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं नाही, कारण पोती थोरलीनं आधीच उचलून ठेवली होती.

"माझं झालं," थोरली म्हणाली आणि धाकटीकडे बघितलं. "आता एका गिअरबॉक्ससाठी सगळं खोळंबलंय."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरलीनं ते पाहिलं आणि तिला त्या दिवशी चहासुद्धा जास्त गोड लागला.

"उद्या बसवते," धाकटी म्हणाली.

आणि खरंच बसवला. थोरली बाजारात टपाची पितळी बटणं आणायला गेली होती. परत येऊन बघते तर गाडी चाकांवर उतरलेली, टप मागे दुमडलेला आणि वर चादर घालून दोरीनं बांधलेला.

"टप कुणी काढला?"

"मी," धाकटी गाडीखालून म्हणाली. "आत हात घालायला बरं पडतं. खालीच राहू दे, ताई. मामंजींनाही तसंच सांगितलंय."

सगळे जेवायला गेल्यावर थोरलीनं दोरी सोडली आणि टप वर घेतला. खटके लागले. पण वरचं कापड कोपरावरच्या कातडीसारखं सुरकुतलं होतं. काच बोटभर मागे आली होती. तिनं टिचकी मारली तर फद् असा आवाज आला.

तिला लागलं ते त्या आवाजानं नाही. धाकटीनं हे पाहिलं होतं. पाहून, कुणाला दिसायच्या आत, झाकून ठेवलं होतं. ओरडली असती, हसली असती, सासऱ्यांना हाक मारली असती तरी चाललं असतं. थोरलीनं तिच्या जागी तेच केलं असतं! पण हिनं झाकलं. म्हणजे आता हिचे उपकारही घ्यायचे. थोरली गाडीला टेकून जमिनीवर बसली आणि रागानं रडली.

कापडाला एकदा सुईचं भोक पडलं की ते मिटत नाही. नुसती शिवण आत घेऊन चालत नाही, जुन्या भोकांतून पाणी झिरपतं. तिनं पुढचा अख्खा पट्टा उसवला, गुंडाळीच्या शेवटच्या तुकड्यातून नवा कापला, आणि जोड कमानीवर येईल असा बसवला. नवऱ्याला सांगितलं की बटणं चुकीची आली. टप पुन्हा नगाऱ्यासारखा वाजायला लागला, पण आता तो तिला एकटीचा वाटत नव्हता. धाकटी जवळून जाताना नुसतं म्हणाली, "छान बसला." थोरली बटणं मोजत राहिली.

फेऱ्याच्या दिवशी डॉक्टर आधीच येऊन बसले. त्यांना राहवलं नव्हतं. सोबत त्यांची बायको, गळ्यात नवा कोरा रुमाल, खास या गाडीसाठी घेतलेला. धाकटी स्टिअरिंगमागे बसली. सासरे कोट घालून आले, दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि तिथेच अडकले. गाडी जमिनीलगत, सीट खोल, आणि गुडघा वाकायला तयार नाही. त्यांनी पाठ आत घालून पाहिली, मग बाजूनं घुसून पाहिलं. मुलानं काखेत हात घालून ढकलायला सुरुवात केली तशी ते ओरडले, "अरे, मी काय गादी आहे?" शेवटी ते बाहेर आले, केस नीट केले, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "थोरले, बस तू."

झालं. जी सीट मिळावी म्हणून तिनं रक्त आटवलं ती मिळाली, आणि मिळाली कशामुळे, तर म्हाताऱ्याच्या गुडघ्यामुळे! हनुवटी हललीसुद्धा नव्हती. ती बसली. रुमाल बांधला. बेकरीवाली दारात उभी होती, पण हात करायची इच्छा झाली नाही.

धाकटीनं गाडी काढली. या गाडीच्या गिअरांना मऊपणा नव्हता, इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग जुळवून, क्लच दोनदा दाबूनच प्रत्येक टाकावा लागायचा. धाकटीनं पहिला असा टाकला की काही झालंच नाही. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चढावर गाडी मांजरासारखी गुरगुरत गेली. थोरली चूक शोधत होती. तिला लाजही वाटत होती आणि ती शोधतही होती. टाकीपाशी वळसा घेतला, धाकटीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि गाडी तिसऱ्यात उताराला लागली.

तेव्हा तो आला.

कर्रर्र नव्हे. बारीक, लांबट, कुणीतरी दूरच्या खोलीत दातांवर दात दाबावेत तसा. धाकटीनं ॲक्सिलरेटर किंचित दाबला की नाहीसा, सोडला की परत. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा शांत होता. तिला ऐकूच येत नव्हतं.

थोरलीला आधी झाला तो आनंद. लपवण्यात काय अर्थ? चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेजारी बसून मिळालं होतं. मग उतार संपेपर्यंत तिच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. गप्प राहायचं. गाडी डॉक्टर घेऊन जातील. महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी घाटात गिअर जाम होईल. धाकटीचं नाव जाईल, आणि फेरा परत... पण गाडी तिथे अडून पडेल ती माझ्या टपासकट. आणि बोललं तर? तर सगळे म्हणणार, बघा, जळली. हिला दुसरं काय सुचणार. आणि खरंच जळत होती ती, त्यामुळे नाही कसं म्हणायचं?

फाटक दिसायला लागलं. डॉक्टरांची बायको गळ्यातला रुमाल नीट करत होती.

"गाडी देऊ नकोस," थोरली म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्यात आवाज आहे. उतारावर, पाय उचलल्यावर. तू माझा टप झाकलास. मी झाकणार नाही, झाकलं तर तू बुडशील. फिटंफाट."

धाकटीनं गाडी फाटकातच थांबवली. मग जे व्हायचं ते झालं. थोरलीचा नवरा जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, आज तरी..." सासरे लाल झाले. त्यांनी धाकटीला पुन्हा चढावर पाठवलं आणि स्वतः काठी टेकत उताराच्या कडेला जाऊन उभे राहिले. गाडी समोरून गेली. "काही नाही," ते म्हणाले. "लोण्यासारखी आहे." धाकटी एकटी तिसऱ्यांदा जाऊन आली. तिलाही काही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर एकदा घड्याळाकडे, एकदा बायकोकडे बघत होते. थोरली फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तिला एकच वाक्य वाचता येत होतं. तिला वाटलं, खरंच मनचं ऐकलं की काय मी?

धाकटी गाडीतून उतरली आणि सरळ तिच्यासमोर आली.

"ताई, नक्की?"

"नक्की."

"डॉक्टर," धाकटी वळून म्हणाली, "गाडी आज मिळणार नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

डॉक्टरांच्या बायकोनं रुमाल सोडला आणि पर्समध्ये कोंबला. सासरे आत निघून गेले. दुपारभर मधल्या खोलीतून पान्यांचे आवाज येत राहिले. थोरली मागच्या खोलीत कापडाचे तेच ते तुकडे घड्या घालून ठेवत होती. काही निघालं नाही तर काय तोंड दाखवायचं, हे तिला कळत नव्हतं. आणि निघालं तर कसं बरं वाटेल, तेही आता पूर्वीसारखं कळत नव्हतं.

संध्याकाळी धाकटीनं हाक मारली.

टेबलावर फडक्यावर एक वॉशर होती, बांगडीएवढी. तिच्या एका अंगाला तेल शिरायला बारीक खाचा असतात, आणि ते अंग गिअरकडे ठेवायचं असतं. ही उलटी बसली होती. गाडी ओढत असताना गिअर पुढे रेटलेला असतो, तेव्हा काही होत नाही. उतारावर पाय उचलला की तो मागे येतो आणि कोरड्या अंगावर घासतो. तेवढ्या दोन-चार फेऱ्यांत वॉशरचं ते अंग निळसर पडलं होतं. सासऱ्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि स्टुलावर बसले.

"घाई केलीस," ते म्हणाले.

"हो," धाकटी म्हणाली. "ताई म्हणाल्या ना, त्यांचं झालं म्हणून. मला ते सहन झालं नाही."

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हिला? सहन झालं नाही? माझं?

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मला ऐकू आलं नाही. हिनं जोडला, हिला आलं नाही. तुला गिअरमधलं काय कळतं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. कान तिखट आहेत म्हणता आलं असतं. पण दिवसभर इतकं झालं होतं की थोरलीला सोंग आणायचाच कंटाळा आला.

"गिअरमधलं मला ओ की ठो कळत नाही, मामंजी," ती म्हणाली. "हिच्यातलं कळतं. ही कधी चुकते म्हणून चार वर्षं कान लावून बसलेय मी. हिचा एकूण एक गिअर मला पाठ आहे. झालं समाधान?"

बाहेरच्या खोलीत नवऱ्याच्या हातातला डबा पडला. धाकटी मात्र हसली नाही की चिडली नाही. फडक्याला हात पुसत म्हणाली, "मला माहीत होतं. मी गाडी चालू केली की तुमचं मशीन थांबायचं. रोज. मशीन थांबलं की माझ्या हाताला घाम सुटायचा. मामंजी शेजारी असायचे तेव्हा नाही सुटायचा कधी."

थोरलीनं टेबलावरची वॉशर उचलून तिच्या हातात ठेवली. ती म्हणाली, "मग आता नीट बसव ती," आणि आपल्या खोलीत गेली.

गिअरबॉक्स पुन्हा चढला तेव्हा डॉक्टरांना बोलावलं नव्हतं. सासरे फाटकाशी उभे होते, पण गाडीकडे आले नाहीत. धाकटी स्टिअरिंगमागे बसली आणि शेजारचं दार आतून ढकलून उघडलं. ही हनुवटीपेक्षा वेगळी खूण होती, थोरलीला ती पटकन कळली नाही. मग ती बसली.

चढ, टाकी, वळसा. उतारावर धाकटीनं पाय उचलला आणि श्वास धरला. थोरलीनं डोळे मिटले. तिनं जीव ओतून ऐकलं. अजूनही तिच्या आत एक बाई होती जिला तो आवाज यायला हवा होता, आणि त्या बाईनंही ऐकलं. वारा होता, टायर होते, खाली कुठेतरी तेलात फिरणारी चक्रं होती.

"पुन्हा जाऊ," ती म्हणाली.

पुन्हा गेल्या. पुन्हा उतार, पुन्हा तिसरा.

"काय?" धाकटीनं विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. हा शब्द बाहेर काढायला तिला जितके कष्ट पडले तितके कुठल्याही टपाला पडले नव्हते. "काही नाही. निर्दोष आहे."

धाकटीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, गिअर मोकळा केला, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागली. सासऱ्यांनी तीन-तीनदा शेजारी बसवलं तेव्हा ती अशी रडली नव्हती. थोरलीनं डोक्याचा रुमाल सोडून तिच्या हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवला. आणि रडतानाही हिचं नाक लाल होत नाही, हे तिच्या लक्षात आलंच.